दोन पॉइंट तीन मिलीमीटर

डबीची उंची भरली वीस पॉइंट तीन. सूनबाईनं कॅलिपर पुसला, डबी उलटी केली आणि पुन्हा मोजली. वीस पॉइंट तीन. मग चारही कोपऱ्यांवर मोजली, मग मध्यभागी, मग कॅलिपरच बिघडला असेल या आशेनं दुसरा कॅलिपर आणून मोजली. दुसरा कॅलिपरही घरचाच, पण त्यानंही तिची बाजू घेतली नाही.

हवी होती अठरा. बारा वाजता उपग्रह बांधणारे साहेब येणार होते आणि सोबत त्यांचा तो पोलादी साचा आणणार होते. उपग्रहात या डबीसाठी जी फट सोडली होती, तिची हुबेहूब नक्कल. अठरा मिलीमीटर म्हणजे अठरा. आजची डबी नुसता मापाचा नमुना होती, खरी वर जाणारी नंतर बनायची होती; पण नमुना साच्यात सरकला नाही तर खरी बनायची वेळ येणारच नव्हती.

आत्ता नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

या घरानं तीन पिढ्या वस्तू लहान करण्याचंच काम केलं होतं. आजेसासऱ्यांचा पहिला रेडिओ कपाटाएवढा होता आणि तो हलवायला चार माणसं लागत. सासऱ्यांनी तेच काम बुटांच्या खोक्यात बसवलं. त्यांनी उपग्रहासाठी बनवलेला पहिला भाग चार बोर्डांचा होता, आणि आता त्या चार बोर्डांचं काम तळहाताएवढ्या एका बोर्डावर करायचं होतं. सूर्याकडे तोंड करून बसलेल्या पंखांवरून आलेली वीज घ्यायची, साठवायची आणि उपग्रहातल्या प्रत्येकाला मोजून द्यायची. सगळं लहान होत गेलं. घरातली भांडणं तेवढी मूळ आकाराची राहिली.

सूनबाईनं खोल श्वास घेतला आणि सगळ्यांना बोलावलं.

कारखाना खाली, घर वर. खालच्या काचेच्या खोलीत जायचं तर पांढरा कोट, टोपी, वेगळ्या चपला, आणि मनगटाला पट्टा. पट्ट्याची तार टेबलाला जोडलेली, म्हणजे अंगातली वीज बोर्डातल्या नाजूक भागांना चटका देण्याआधी जमिनीत जाते. शास्त्र एवढंच. पण या पट्ट्यांचा घरावर झालेला परिणाम शास्त्रात कुठे लिहिलेला नाही. या खोलीत कुणाला रागानं ताडकन उठून जाता येत नसे. उठायचं, चार पावलं टाकायची, तार ताणली गेली की थांबायचं, परत यायचं, पट्टा सोडायचा. तोवर राग निम्मा झालेला असे आणि समोरच्याला आणखी दोन वाक्यं बोलायला वेळ मिळालेला असे.

चौघं टेबलाभोवती बसली. सासरे, त्यांची थोरली बहीण म्हणजे आत्याबाई, धाकटा दीर आणि सूनबाई. नवरा दोन दिवसांपासून परगावी, दुसऱ्याच एका भागाच्या चाचणीला गेलेला, त्यामुळे आज तिच्या बाजूला टेबलाची रिकामी कड होती.

"वीस पॉइंट तीन," ती म्हणाली.

आत्याबाईंनी चष्मा वर केला, डबीकडे पाहिलं आणि चष्मा खाली केला, जणू डबीनं चारचौघांत काहीतरी वावगं केलं होतं.

"बाबा," दीर म्हणाला, "मी गेल्या महिन्यातच म्हटलं होतं. नकाशाचं काम बाहेर देऊ या. ती माणसं दिवसभर तेच करतात, माझ्याकडे नंबर आहे. वहिनीवर माझा राग नाही काही. पण तिलाही त्रास. बाळ लहान आहे."

नकाशा म्हणजे बोर्डाचा नकाशा. कुठला भाग कुठे बसेल, कुणाच्या शेजारी कोण, कुणाखाली किती जागा. ते सूनबाईचं काम. आणि 'बाळ लहान आहे' हे वाक्य या घरात इतक्या मायेनं बोललं जाई की त्यावर उत्तरच देता येत नसे. त्या वाक्यानं आठ महिन्यांत तिच्याकडून चाचण्या काढून घेतल्या होत्या, मग गिऱ्हाइकांशी बोलणं काढून घेतलं होतं. नकाशा तेवढा उरला होता. तो गेला की ती वरच्या मजल्यावर जाणार, आणि खाली यायचं कारण शोधत जिन्यात उभी राहणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

सासऱ्यांनी डबी हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली. मग म्हणाले, "बारा वाजता डबी सरकली तर नकाशा घरात. नाही सरकली तर याचा तो नंबर लावू. वाद नको."

"वाद कोण घालतंय," आत्याबाई म्हणाल्या, "मी तर तोंडही उघडलं नाही."

त्या दोन पॉइंट तीनमधला एक मिलीमीटर मात्र सूनबाईचा होता आणि तिला तो माहीत होता.

बोर्डाखाली चार छोटे खांब होते, बोर्ड डबीच्या तळापासून उचलून धरणारे. हिशेबानं तीन मिलीमीटरचे पुरत होते. तिनं चारचे लिहिले होते. मुलीला पहिल्यांदा ताप आला त्या आठवड्यातली गोष्ट. ताप उतरला होता, डॉक्टर हसून परत गेले होते, आणि ही रात्रभर उगाच तिच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. सकाळी नकाशाला बसली तर डोळ्यांसमोर एकच चित्र. रॉकेट उडताना सगळं गदगदा हलणार, बोर्ड वाकणार, खालचा एखादा डाखाचा टाका तळाला टेकणार, आणि तिथे झाकण उघडून बघायला कुणी नसणार. तिनं तीन खोडले, चार लिहिले, कुणाला सांगितलं नाही.

आता सांगितलं तर दीर म्हणणार, बघा. आणि सांगूनही भागत नव्हतं. तिचा एक गेला तरी एक पॉइंट तीन उरत होतं, आणि ते तिचं नव्हतं. तिनं प्रत्येकाला त्याच्या भागाची उंची विचारली होती आणि जी सांगितली ती मांडली होती. म्हणजे सांगतानाच कुणीतरी चढवून सांगितलं होतं.

"कुणाकडे थोडं सैल असेल तर बघा ना," ती जपून म्हणाली. "नकळत राहिलं असेल."

"माझी कॉइल आहे तेवढीच आहे," सासरे म्हणाले आणि अंगठ्याचं नख निरखू लागले. तांब्याची तार गुंडाळून केलेली त्यांची कॉइल हा बोर्डावरचा सगळ्यात उंच भाग होता. ती ते अजून हातानं गुंडाळत, दार लावून.

"मला विचारशील तर," आत्याबाई म्हणाल्या, "ही हल्लीची डबीच जाड असते. पूर्वीच्या डब्या बघ." टाके मारणं आणि भाग चिकटवणं त्यांच्याकडे. त्यांना कधीही त्यांच्या कामाबद्दल विचारलं की त्या दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलत.

"झाकण एक पॉइंट पन्नास," दीर म्हणाला. "त्याहून पातळ केलं तर पत्र्यासारखं वाजेल. एक पॉइंट पन्नास म्हणजे पन्नास." डबी तो मशिनवर कोरून काढायचा.

सूनबाई तिघांकडे बघत राहिली. आठ महिने ज्या पोरीला अजून बोलता येत नाही तिचा चेहरा वाचण्यात गेले होते. ज्यांना बोलता येतं त्यांचे चेहरे तर त्यापुढे मोठ्या अक्षरातले होते. नख बघणारा माणूस खोटं बोलत होता. दुसऱ्याबद्दल बोलणारी बाई खोटं बोलत होती. आणि ज्याला कुणी विचारलं नसताना दशांश चिन्हापुढे दोन आकडे आठवतात तो तर नक्कीच.

इतक्यात भिंतीवरचा स्पीकर खरखरला. काचेपलीकडे सासूबाई उभ्या होत्या, कडेवर बाळ. त्या खोलीत येत नसत, टोपीनं केस बसतात म्हणून. बाहेरून बटण दाबून बोलत, आणि एकदा दाबलेलं बटण सोडायचं असतं हे त्यांना कुणी पटवू शकलेलं नव्हतं.

"अगं, हिनं खाल्लं. सगळं नाही, निम्मं. तू पिशवीत तीन झबली ठेवली होतीस ना, त्यातली दोन झाली. तोंडं का अशी झालीत सगळ्यांची?"

"डबी उंच झालीय, आई," सूनबाई म्हणाली.

"किती?"

"दोन पॉइंट तीन मिलीमीटर."

सासूबाईंनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली आणि त्या फटीतून पाहिलं. "एवढ्यासाठी चार माणसं बांधून ठेवलीत?"

स्पीकरमधून बाळाचं हुंकारणं येत राहिलं. ते ऐकता ऐकता सूनबाईला वाटलं, आपण गप्प राहिलो तर बारा वाजेपर्यंत सगळेच गप्प राहतील. साडेनऊ होत आले होते.

"एक माझा आहे," ती म्हणाली.

"एक काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"मिलीमीटर. खांब तीनचे पुरतात. मी चारचे टाकले. मला भीती वाटली, म्हणून."

दिरानं दोन्ही हात पसरले. "बघा. मी काय म्हणत होतो? बाहेरचा माणूस असा घाबरून चारचे टाकेल का? बाबा, लावू नंबर?"

"लाव की," आत्याबाई एकदम म्हणाल्या. गेले दोन महिने त्या दिराच्या बाजूनं होत्या, कारण सूनबाईनं त्यांच्या डिंकाच्या बाटल्यांवर तारखा चिकटवल्या होत्या. म्हणून दिरानं खिशात हातही घातला. पण आत्याबाई पुढे म्हणाल्या, "लाव, आणि त्याला हेही सांग की एक तिचा आहे आणि बाकीचा एक पॉइंट तीन आभाळातून पडलाय. लेकरू एकटं उभं राहून कबूल होतंय आणि आपण बसलोय हाताची घडी घालून."

"आत्या, तुझ्याकडेही आहे का?" दिरानं विचारलं.

"पॉइंट चार," आत्याबाई म्हणाल्या आणि टोपी नीट केली. "कॉइलखाली डिंकाचा थर दोन दशांश पुरतो. मी सहा देते."

"तिप्पट?" सासरे म्हणाले. "अक्का, कशाला?"

"तुझी कॉइल जड असते म्हणून. दर वेळी सांगतोस एक वजन आणि येते दुसरं. मी काय तुझ्या शब्दावर चिकटवू?"

सासऱ्यांना हे लागलं. ते उठले. चार पावलं गेले, तार ताणली गेली, थांबले. स्पीकरमधून सासूबाई म्हणाल्या, "अहो, आता उठलाच आहात तर ती दुसरी कॉइल घेऊन या."

बाळानं एक लांब 'आऽ' लावला.

"कुठली दुसरी?" दिरानं विचारलं.

"ठेंगणी," सासूबाई म्हणाल्या. "सहा आठवडे माझा ओव्हन तिनं अडवलाय. सकाळी तापवायची, दुपारी बर्फात ठेवायची, पुन्हा तापवायची. मी विचारलं तर म्हणाले, कुणाला बोलू नकोस. मी नाही बोलले कुणाला."

आणि त्या खरंच बोलल्या नव्हत्या. आता बोलत होत्या हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

सासरे परत येऊन बसले. एरवी चौघांत चढ्या आवाजात बोलणारा माणूस, पण आता टेबलाकडे बघत बोलला. "पहिल्या वेळी मी कॉइल हिशेबाला पुरेल एवढीच केली होती. अकराव्या दिवशी ती तापली. तो उपग्रह अजून वर फिरतोय. बोलत नाही. रात्री आकाशात हलणारा ठिपका दिसला की मी आत येतो." थोडं थांबून म्हणाले, "ठेंगणी पॉइंट आठनं कमी आहे. सहा आठवड्यांत एकदाही बिघडली नाही. पण ती द्यायचं धाडस झालं नाही. म्हणून उंचच दिली."

आत्याबाईंनी त्यांच्या कोटाच्या बाहीवर हात ठेवला आणि लगेच काढला. "मग डिंक दोनच देते," त्या म्हणाल्या.

सूनबाईनं मनात बेरीज केली. एक, पॉइंट चार, पॉइंट आठ. दोन पॉइंट दोन. डबी अठरा पॉइंट एकवर आली. तिनं पुन्हा बेरीज केली, बेरीज तीच आली.

"अजून एक दशांश हवाय," ती म्हणाली.

आता टेबलाशी एकच माणूस उरला होता ज्यानं काही दिलं नव्हतं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. काचेपलीकडून सासूबाईंनीही पाहिलं. त्यांनी बाळाचं तोंडही त्या बाजूला वळवलं.

"माझ्याकडे काय बघताय," दीर म्हणाला. "मी कुणाकडून काही लपवलेलं नाही. झाकण एक पॉइंट पन्नास. हवं तर नकाशात बघा. मी नकाशाप्रमाणे कोरलंय."

"नकाशात मी तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय, भावजी," सूनबाई म्हणाली.

"मग झालं तर."

"किती पुरतं?"

"पुरायचं म्हटलं तर काय, पुरतं कितीतही. माणसानं काय..." तो उठला. खुर्ची मागे गेली, तो दाराकडे गेला, आणि तारेनं त्याला होता तिथे परत आणलं. पट्टा सोडायला त्यानं दुसरा हात लावला, तर बंद अडकलेला. तो ओढत राहिला आणि बाकीचे बघत राहिले.

"थांब, नखानं उचल," सासरे म्हणाले.

"जमतंय मला." जमत नव्हतं. शेवटी हात तसाच ठेवून तो म्हणाला, "एक."

"एक दशांश?"

"एक मिलीमीटरचं झाकण पुरतं. मी मोजून पाहिलंय, हलवून पाहिलंय, वर दोन विटा ठेवूनही पाहिलंय. अर्धा जास्त ठेवलाय."

"का?" आत्याबाईंनी विचारलं, पण टोमण्यानं नाही.

"कारण तुमच्या कुणाच्याच आकड्यावर माझा भरवसा नव्हता. बाबांची कॉइल, तुझा डिंक, वहिनीचे खांब. म्हटलं आतलं काही वर आलंच तर झाकण तरी दणकट असू दे."

ही गोष्ट प्रत्येकाच्या बाबतीत खरी होती, त्यामुळे कुणालाच त्यावर रागावता येईना. सासऱ्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग टोपी घसरेपर्यंत. "म्हणजे आपण चौघं मिळून वर काय पाठवत होतो," ते म्हणाले, "तर एकमेकांवरचा अविश्वास. दोन पॉइंट सात मिलीमीटर."

"तोही घट्ट चिकटवून," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानंतरचे दोन तास घरात कुणी कुणाला टोमणा मारला नाही, कारण वेळच नव्हता. दिराच्या मशिनचा किरकिराट सुरू झाला. आत्याबाईंनी उंच कॉइल काढली; ती निघताना आलेला चर्र आवाज सूनबाईला दात काढताना येतो तसा वाटला. सासऱ्यांनी ठेंगणी आणली, ती रुमालात बांधलेली होती आणि तिला अजून स्वयंपाकघराचा वास होता. सूनबाईनं खांब बदलले. चौथा खांब बसवताना तिचा हात थांबला. तिनं खालून बोर्डाकडे पाहिलं. तीन मिलीमीटरची फट होती, हिशेबात बसणारी, पुरेशी. तिला अजूनही भीती वाटत होतीच. तिनं स्क्रू आवळला.

बारा वाजून पाच मिनिटांनी साहेब आले. बारीक आवाजाचे, बारीक अंगाचे. साचा त्यांनी मऊ कापडात गुंडाळून आणला होता आणि तो टेबलावर ठेवताना त्यांनी खाली आपला रुमालही पसरला. डबी घेतली, फटीच्या तोंडाशी धरली.

काचेपलीकडे सासूबाईंनी बाळाच्या डोळ्यांवर हात ठेवला. स्वतःचे मात्र उघडे ठेवले.

डबी सरकली. अजिबात आवाज न करता, लोणी कापावं तशी, शेवटापर्यंत. दिरानं सोडलेला श्वास स्पीकरमधून बाहेरपर्यंत गेला असावा.

साहेबांनी डबी बोटानं डावीउजवीकडे दाबली. मग वरून दाबली. "थोडी हलतेय," ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"बरं झालं. म्हणजे तुम्हाला जागा जास्त झालीय." त्यांनी कागद काढला. "कॅमेऱ्याची माणसं महिनाभर माझ्या मागे लागलीत. शेजारची फट त्यांची. अर्धा मिलीमीटर मिळाला तर त्यांचं भागतंय. तुमची फट आता साडेसतराची करून टाकतो. नकाशा कुणाचा आहे?"

"हिचा," सासरे म्हणाले.

साहेब सूनबाईकडे वळले. "मावेल ना साडेसतरात?"

डबी होती सतरा पॉइंट सहा. अर्ध्या तासापूर्वी तिनं स्वतः मोजली होती, दोन्ही कॅलिपरनी. या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला तो आकडा पाठ होता. अठरापर्यंत उरलेले चार दशांश आता उघड्यावर होते, चौघांच्या समोर ठेवलेले; आकडा सांगितला की ते कॅमेऱ्याकडे जाणार होते, आणि वर गेल्यावर झाकण उघडून बघायला कुणी नसणार ही गोष्ट काही बदललेली नव्हती. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं नाही, आत्याबाईंकडे पाहिलं नाही.

"साडेसतरात नाही मावणार," ती म्हणाली.

"नक्की?"

"मोजून पाहा." तिनं कॅलिपर उचलून त्यांच्यासमोर धरला.

साहेबांनी कॅलिपरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "राहू दे. तुम्ही म्हणताय म्हणजे मोजलंच असेल." त्यांनी कागदावर अठरा लिहिलं, सही केली, साचा पुन्हा बाळासारखा गुंडाळला आणि गेले.

दार बंद झालं तसा दीर मनगटाचा पट्टा सोडायला लागला. या वेळी बंद लगेच सुटला. खिशातून त्यानं तो नंबर लिहिलेला कागद काढला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि आत्याबाईंच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"बाहेरच्या माणसानं," तो म्हणाला, "सतरा पॉइंट सहा सांगून टाकलं असतं."